लिहिलेले सूर आणि उसने वाद्य

संगीत जतन करण्याचे मार्ग मुळात दोनच. एक, उमटलेला आवाज जसाच्या तसा पकडून ठेवावयाचा. दुसरा, तो आवाज कसा काढावा याची सूचना लिहून ठेवावयाची. ग्रामोफोनची तबकडी पहिल्या जातीची, तर पं. विष्णु नारायण भातखंडे यांनी ग्रंथांतून प्रसिद्ध केलेली स्वरलिपी दुसऱ्या जातीची. स्वरलिपीचे पुस्तक कानाशी धरून काही ऐकू येत नाही. तिला गाणारा लागतो. संगणकाच्या इतिहासात या दुसऱ्या जातीचे जे एक प्रकरण घडले, त्याचा विचार आम्ही येथे करणार आहोत. त्यात तंत्राइतकाच मालकीचाही प्रश्न गुंतलेला आहे.

सूचनेवर वाजणारे वाद्य ही कल्पना संगणकाहून जुनी आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत भोके पाडलेल्या कागदी गुंडाळ्यांवर पियानो आपोआप वाजत असत; परंतु एका कारखान्याची गुंडाळी दुसऱ्याच्या पियानोवर चालेलच असे नव्हते. १९०८ साली बफेलो येथे उत्पादकांनी एकत्र बसून भोकांची मापे ठरविली, तेव्हा ही अडचण सरली. पाऊणशे वर्षांनी विजेवर चालणाऱ्या सिंथेसायझर वाद्यांवर तोच प्रसंग आला. सर्व वाद्यांना एक समान बोली असावी, ही सूचना कॅलिफोर्नियातील डेव्ह स्मिथ यांनी १९८१ साली मांडली; जपानच्या रोलंड कंपनीचे संस्थापक इकुतारो काकेहाशी यांचाही तोच आग्रह होता. जानेवारी १९८३ मध्ये एका व्यापारी प्रदर्शनात दोघांच्या कंपन्यांची वाद्ये तारेने जोडण्यात आली आणि एकाच्या पट्टीवर बोट ठेवताच दुसरे वाजू लागले. या बोलीचे नाव मिडी. महत्त्वाची गोष्ट ही की, ती वापरण्यासाठी कोणाकडूनही स्वामित्वशुल्क घेण्यात आले नाही.

मिडीचे वाक्य फार लहान असते. कोणत्या वाहिनीवर स्वर सुरू करावयाचा, स्वर कोणता, आणि पट्टी किती जोराने दाबावयाची, एवढे तीन अंकांत सांगून होते. १९८८ साली अशी वाक्ये वेळेच्या नोंदीसह फाइलमध्ये साठविण्याची पद्धत ठरली, आणि १९९१ साली १२८ वाद्यांना क्रमांक मिळाले: पियानोला १, व्हायोलिनला ४१, आपल्या सतारीला १०५. सीडीवरील एका मिनिटाच्या ध्वनिमुद्रणास १ कोटी ५ लाखांहून अधिक बाइट लागतात. मिडीच्या फाइलीत अवघे गाणे काही हजार बाइटांत मावते. मात्र त्या फाइलीत आवाज नसतो. सतारीचा क्रमांक असतो, सतार नसते.

मग ती वाजवावयाची कोणी? आरंभी त्यासाठी खरा सिंथेसायझर अथवा संगणकात बसविलेले खास कार्ड लागे, आणि ही विकत घेण्याची वस्तू होती. १९९५ साली फिनलंडचे तुक्का तोइवोनेन यांनी ‘टिमिडिटी’ नावाचा प्रोग्रॅम लिहून ही गरज दूर केली. त्याला चित्रांची वा बटणांची सजावट लागत नाही. काळ्या पडद्यावर ‘टिमिडिटी’ असा शब्द रोमन अक्षरांत लिहावयाचा, पुढे फाइलीचे नाव द्यावयाचे, की वादन सुरू. प्रोग्रॅम एकेक सूचना वाचतो, त्या वाद्याचा आधी मुद्रित केलेला नमुना काढतो, तो जलद वा सावकाश वाचून हवी ती उंची साधतो, आणि सर्व स्वरांची बेरीज करून आवाज तयार करतो. कार्डाचे काम निव्वळ गणिताने भागले. तोइवोनेन यांनी पुढे हे काम सोडले, तेव्हा जपानचे मासानाओ इझुमो व इतरांनी ते उचलले. एकाचे काम दुसऱ्याने पुढे न्यावे, अशी मुभाच प्रोग्रॅमच्या परवान्यात दिलेली होती.

पण खरी मेख पुढेच आहे. प्रोग्रॅम मोकळा झाला, वाद्यांचे नमुने मात्र मोकळे नव्हते. टिमिडिटी ज्या घडणीचे नमुने वापरी, ती कॅनडातील ग्रेव्हिस कंपनीच्या अल्ट्रासाउंड कार्डाची होती आणि त्या कार्डाबरोबरचे नमुने कंपनीच्या मालकीचे होते. ज्यांना सर्व काही मुक्तपणे वाटावयाचे होते, त्यांना प्रोग्रॅम देता येई, नमुने देता येत नसत. नमुन्यांवाचून फाइल बिनचूक, गणित बिनचूक, आणि खोलीत शांतता! ही उणीव भरण्यासाठी ‘फ्रीपॅट्स’ या प्रकल्पात मोकळ्या परवान्याचे नमुने गोळा करण्यात आले. तो संच अपुरा होता, परंतु त्याने प्रोग्रॅमला कंठ दिला.

आमच्या संगीताच्या दृष्टीने आणखी एक मर्यादा सांगितली पाहिजे. मिडीचा पाया पेटीप्रमाणे बारा स्वरांचा आहे. स्वर वाकविण्याची निराळी आज्ञा आहे, तिला १६,३८४ पायऱ्याही आहेत. पण ती त्या वाहिनीवरील सर्व स्वरांना एकदमच वाकविते. मींड लिहिता येते, परंतु ती कष्टाने लिहावी लागते.

कलेचा वारसा कागदावर उतरला की तो सुरक्षित झाला, अशी आपली समजूत असते. या इतिहासावरून दिसते ते असे की, लिपी, वाचक आणि वाद्य या तिन्ही गोष्टी समाजाच्या हाती असाव्या लागतात. पहिल्या दोन मोकळ्या असूनही तिसरी कुलूपबंद राहिली, तेव्हा सूर अडलेच. म्हणून स्वरलिपी छापणाऱ्याइतकेच, आपला आवाज सर्वांसाठी देऊन टाकणाऱ्याचे ऋणही आपण मानले पाहिजे.