आश्विनातले वादळ : कळणे आणि कळवणे यांमधले अंतर

आश्विन म्हटला की मराठी मनाला निरभ्र आकाश आणि कोजागिरीचे चांदणे आठवते. बंगाल-ओडिशाच्या किनाऱ्यावरील माणसाला मात्र याच महिन्यात समुद्राकडे सावध नजरेने पाहावे लागते. ५ ऑक्टोबर १८६४ रोजी कोलकात्यावर आदळलेले चक्रीवादळ बंगाली लोकस्मृतीत ‘आश्विनातले वादळ’ याच नावाने राहिले आहे. त्यात पन्नास हजारांच्या आसपास माणसे दगावली असे मानले जाते. वाऱ्यापेक्षाही हुगळीच्या मुखातून आत घुसलेल्या समुद्राने अधिक बळी घेतले.

आकाश शांत होत असताना समुद्र का खवळतो? जून ते सप्टेंबर या काळात उपसागरावर खालच्या थरात नैर्ऋत्येकडून वारे वाहतात, तर सुमारे बारा-पंधरा किलोमीटर उंचीवर पूर्वेकडून वेगवान झोत वाहत असतो. दोन थरांतील वारे असे परस्परविरुद्ध असले, की वादळाचा उभा स्तंभ तिरका होऊन विस्कटतो. म्हणून ऐन पावसाळ्यात कमी दाबाची क्षेत्रे अनेक निर्माण होतात, पण त्यांतून तीव्र चक्रीवादळ क्वचितच घडते. मोसमी वारे माघारी फिरू लागले, की हा विरोध ओसरतो. समुद्राची उष्णता मात्र ओसरलेली नसते. ऑक्टोबरमध्येही उपसागराच्या पृष्ठभागाचे तापमान २८ अंश सेल्सिअसच्या आसपास असते.

यात नद्यांचाही वाटा आहे. गंगा, ब्रह्मपुत्रा, महानदी आणि गोदावरी यांनी पावसाळाभर आणून ओतलेले गोडे पाणी हलके असल्यामुळे खाऱ्या पाण्यावर थरासारखे पसरून राहते. एरवी वादळ समुद्र ढवळते, खालचे थंड पाणी वर येते आणि त्या वादळालाच मिळणारी ऊर्जा कमी होते. उत्तर उपसागरात मात्र हलक्या पाण्याचा थर या ढवळण्याला विरोध करतो. शिवाय येथे किनाऱ्यालगतचा समुद्र उथळ आहे. वारा पाण्याला किनाऱ्याकडे रेटतो तेव्हा पाण्याच्या पृष्ठभागाला येणारा चढ खोलीच्या व्यस्त प्रमाणात असतो; खोली निम्मी झाली, तर चढ दुप्पट होतो. खोल समुद्रात नगण्य वाटणारे उधाण उथळ, निमुळत्या खाडीत भिंतीसारखे उभे राहते ते यामुळे.

१८६४ मध्ये हे सारे गणित ज्ञात नव्हते. पण धोका ज्ञात होता. कोलकात्यात राहणारे हेन्री पिडिंग्टन हे पूर्वाश्रमीचे दर्यावर्दी. वादळात सापडलेल्या जहाजांच्या नोंदवह्या मिळवून, प्रत्येक जहाजाला कोणत्या वेळी कोणत्या दिशेचा वारा लागला हे त्यांनी नकाशावर मांडले आणि वाऱ्यांच्या चक्राकार गतीचा सातत्याने अभ्यास केला. ‘सायक्लोन’ हा शब्द त्यांचाच. १८४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ‘सेलर्स हॉर्न-बुक’ या ग्रंथासोबत पारदर्शक पत्रेही दिलेली होती. नकाशावर असे पत्र ठेवून कप्तानाने आपण वादळाच्या कोणत्या बाजूस आहोत, हे ओळखावे अशी त्यांची योजना होती.

पुढे मातला नदीवर कोलकात्याला पर्यायी बंदर उभारण्याचा विचार सुरू झाला. तेव्हा, १८५३ मध्ये, पिडिंग्टन यांनी गव्हर्नर-जनरल डलहौसी यांना जाहीर पत्र लिहिले. एक दिवस या ठिकाणी समुद्र कित्येक फूट उंचीने चालून येईल आणि वसाहत बुडवील, असा त्या पत्राचा आशय होता. बंदर तरीही उभे राहिले. पोर्ट कॅनिंग हे त्याचे नाव. १८६७ च्या नोव्हेंबरात चक्रीवादळाने त्याची वाताहत केली आणि काही वर्षांतच ते बंदर म्हणून निकामी ठरले. ते भाकीत खरे ठरलेले पाहायला पिडिंग्टन हयात नव्हते. १८५८ मध्येच त्यांचे निधन झाले होते.

१८६४ च्या वादळातही हेच दिसते. कोलकाता ते डायमंड हार्बर ही विजेची तार १८५० च्या दशकाच्या आरंभीच सुरू झाली होती. तारेच्या साहाय्याने बंदरांना वादळाचे इशारे देण्याचे काम ब्रिटनमध्ये रॉबर्ट फिट्झरॉय यांनी १८६१ मध्येच हाती घेतले होते. म्हणजे सिद्धांत होता आणि साधनही होते. कोणी, कोणाला, केव्हा कळवायचे ही व्यवस्था तेवढी नव्हती. ती वादळानंतर, १८६५ मध्ये, कोलकाता बंदरासाठी सुरू झाली. गॅस्ट्रेल आणि हेन्री ब्लॅनफर्ड यांनी या वादळाचा तपशीलवार अहवाल लिहिला. पुढे १८६६ आणि १८७१ मध्ये पावसाने ओढ दिली आणि १८७५ मध्ये भारतीय हवामान विभाग स्थापन झाला. त्याची धुरा ब्लॅनफर्ड यांच्याकडेच आली.

हा इतिहास एकोणिसाव्या शतकातच संपला असे मात्र नाही. २९ ऑक्टोबर १९९९ रोजी ओडिशाच्या किनाऱ्यावर महाचक्रीवादळ आदळले. केंद्रातील दाब ९१२ हेक्टोपास्कलपर्यंत उतरला असल्याचा अंदाज आहे. दाब एका हेक्टोपास्कलने घटला, की समुद्राची पातळी साधारण एक सेंटिमीटरने चढते. म्हणजे केवळ दाबामुळे सुमारे एक मीटर. प्रत्यक्षात उधाण पाच-सहा मीटर होते. बाकीचे काम वाऱ्याने आणि उथळ तळाने केले. सुमारे दहा हजार माणसे मेली. उपग्रह होते, इशाराही दिला गेला होता. पण ज्यांना तो मिळाला, त्यांना जायला पुरेसे निवारे नव्हते.

त्यानंतर ओडिशाने स्वतंत्र आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण स्थापन केले, किनाऱ्यावर निवारे बांधले, गावोगावी स्वयंसेवक तयार केले. १२ ऑक्टोबर २०१३ रोजी ‘फायलिन’ हे अतितीव्र वादळ गोपाळपूरजवळ किनाऱ्यावर आले, तेव्हा सुमारे दहा लाख माणसे आधीच सुरक्षित ठिकाणी हलवलेली होती. मृतांची संख्या पन्नासच्या आत राहिली. दोन्ही वादळे सारखी नव्हती, हे खरे. तरीही दहा हजार आणि पन्नास यांतील तफावत केवळ वाऱ्याच्या वेगाने समजावता येत नाही.

आम्ही भौतिकशास्त्राचे लोक अंदाजाची अचूकता वाढवण्यात रमतो, आणि ते आवश्यकच आहे. परंतु पिडिंग्टन यांचे पत्र हे अचूक भाकीत असूनही त्याने एकही जीव वाचवला नाही. तेव्हा यंदाच्या शरदात ‘बंगालच्या उपसागरात कमी दाबाचे क्षेत्र’ अशी बातमी वाचाल, तेव्हा वाऱ्याच्या वेगाचा आकडा जरूर पाहा. आणि त्याखाली किती गावे रिकामी केली, हा आकडाही शोधा. १८६४ च्या बातमीत तो असू शकत नव्हता.