सोनीपतचे डास आणि एक न फिटलेला संशय

१९७५ च्या सुरुवातीस हरियाणातील सोनीपत शहरात प्रयोगशाळेत वाढवलेले डास मोठ्या संख्येने सोडण्याची सिद्धता झाली होती. सोडायचे होते ते नर, आणि नर डास चावत नाही. जननक्षमतेत मुद्दाम बिघाड घडवलेल्या या नरांशी शहरातील माद्यांचा संयोग व्हावा, अंडी वाया जावीत आणि पिढ्यांमागून पिढ्या डासांची संख्या घटत जावी, अशी ती योजना. ऐन तोंडावर सरकारी आदेश आला आणि डास सोडलेच गेले नाहीत. देशात तोवर एक प्रश्न पेटला होता: हे आरोग्यसंशोधन आहे, की परक्या लष्करासाठी चाललेली जैविक युद्धाची तालीम?

ज्या संस्थेवर हा आरोप झाला, ती दिल्लीतील डासांच्या जनुकीय नियंत्रणाची संशोधन शाखा. जागतिक आरोग्य संघटना आणि भारतीय वैद्यक संशोधन परिषद यांच्या १९६९ मधील करारातून ती उभी राहिली. पैसा मात्र अमेरिकेचा होता. अधिक नेमके सांगायचे तर पी. एल. ४८० खाली आलेल्या गव्हाच्या किमतीपोटी भारतात साचलेल्या रुपयांतून तो येत असे. अभ्यासाला तीन जाती घेतल्या होत्या: हत्तीरोग पसरवणारा क्युलेक्स, शहरी हिवताप पसरवणारा अॅनोफिलिस स्टीफेन्साय आणि एडिस इजिप्ती. वादाची ठिणगी पडली ती या तिसऱ्या नावावर.

एडिस इजिप्ती हा पीतज्वराचा वाहक. भारतात पीतज्वर नाही. पण डास आहे, दाट वस्ती आहे आणि लोकांत त्या रोगाविरुद्ध प्रतिकारशक्ती नाही. जुलै १९७४ मध्ये प्रेस ट्रस्टचे विज्ञानवार्ताहर के. एस. जयरामन यांच्या वृत्ताने हा मुद्दा देशभर नेला. जो रोग येथे नाहीच, त्याच्या वाहकाचा इतका बारकाईने अभ्यास कोणासाठी, असा तो सवाल होता. त्याच सुमारास मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या पक्षीस्थलांतर प्रकल्पाकडेही बोट दाखवले गेले. त्या प्रकल्पाचे मूळ निरुपद्रवी होते. १९५७ मध्ये शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली, पाठोपाठ माणसे तापाने आजारी पडली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने ओळखलेला हा विषाणू रशियातील एका मेंदूज्वराच्या विषाणूचा नातलग निघाला. मग सैबेरियातून येणाऱ्या पक्ष्यांच्या अंगावरील गोचिड्यांनी तो आणला काय, हे तपासणे ओघानेच आले. सालिम अली यांच्या देखरेखीखाली पक्ष्यांच्या पायांत कडी घालण्याचे काम सुरू झाले. आरंभी साहाय्य जागतिक आरोग्य संघटनेचे होते. पुढे त्यात अमेरिकी लष्कराच्या एका पाहणी कार्यक्रमाचा पैसा आला. काम तेच राहिले, पण पैशाचे गोत्र बदलले, आणि संशयाला तेवढे पुरेसे होते.

हा संशय केवळ भ्रम म्हणून झटकून टाकता येत नाही. अमेरिकी लष्कराने १९५५ मध्ये जॉर्जिया राज्यात याच एडिस इजिप्ती जातीचे रोगमुक्त डास विमानातून सोडून ते कितपत पसरतात हे पाहिले होते. पुढे खुल्या झालेल्या कागदपत्रांतून ते स्पष्ट झाले. प्रशांत महासागरातील पक्ष्यांच्या एका पाहणीमागे अमेरिकेच्या जैविक युद्ध यंत्रणेचा पैसा होता, हेही १९६९ मध्ये चव्हाट्यावर आले होते. त्याच वर्षाच्या अखेरीस अध्यक्ष निक्सन यांनी जैविक अस्त्रांचा त्याग जाहीर केला. परंतु घोषणेवर विसंबावे किती, हा प्रश्न उरतोच.

वादाचे खरे मर्म विज्ञानातच दडलेले आहे. डासांचे उच्चाटन करायचे तर आधी काय कळायला हवे? डास एका दिवसात किती अंतर जातो, किती दिवस जगतो, वस्तीत त्यांची दाटी किती, कोणत्या ऋतूत ती वाढते. त्यासाठी डासांवर रंगीत भुकटी टाकून ते सोडतात, पुन्हा पकडतात आणि मोजतात. आता उलटा विचार करावा. एखाद्याला डासांकरवी रोग पसरवायचा असेल, तर त्यालाही हेच आकडे हवेत, अगदी याच कोष्टकात. आकड्यांवर हेतू लिहिलेला नसतो. म्हणूनच ‘आमचे संशोधन आरोग्यासाठी आहे’ हे शास्त्रज्ञांचे उत्तर खरे असूनही संशयाला पुरे पडले नाही. आणि ‘हे आकडे युद्धात उपयोगी पडतील’ हा टीकाकारांचा मुद्दा खरा असूनही त्यातून कट सिद्ध झाला नाही. हे दोन प्रश्न वेगळे आहेत. ते एकत्र कालवले गेले, तेथेच चर्चा बिघडली.

संसदेच्या लोकलेखा समितीने १९७५ मधील आपल्या १६७ व्या अहवालात या प्रकल्पांवर कठोर ताशेरे ओढले. भारताला यांचा लाभ थोडा, परकीयांना अधिक, असा तिचा एकूण सूर होता. अस्त्रनिर्मितीचा पुरावा मात्र पुढे आला नाही. ‘नेचर’ने त्याच वर्षी दिल्ली आणि जिनिव्हा या दोहोंनाही बोल लावले. जागतिक आरोग्य संघटनेचा सविस्तर खुलासा १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला, शाखेतून ती बाहेर पडल्यानंतर! संशय ताजा असताना मौन आणि तो घट्ट झाल्यावर खुलासा, हा क्रम संस्थांना फार महागात पडतो.

विश्वास ठेवणाऱ्यांना हसणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. १९६५ मध्ये अमेरिकी आणि भारतीय गुप्तचरांनी नंदादेवीवर प्लुटोनियमवर चालणारे उपकरण नेले आणि ते तेथे हरवले. ही कथाही कपोलकल्पित वाटावी अशीच. पण १९७८ मध्ये पंतप्रधान मोरारजी देसाई यांनी संसदेत ती मान्य केली.

सोनीपतच्या प्रकरणाचा हिशेब मात्र दोन्ही बाजूंनी मांडावा लागतो. एडिस इजिप्ती हा पीतज्वराचा वाहक आहे, तसाच डेंग्यूचाही. कोलकात्यात रक्तस्रावी डेंग्यूची साथ १९६३-६४ मध्येच येऊन गेली होती. वादाच्या भरात हा तपशील मागे पडला. १९९६ मध्ये दिल्लीत डेंग्यूचे दहा हजारांहून अधिक रुग्ण नोंदले गेले आणि चारशेहून अधिक माणसे दगावली. सोनीपतचा प्रयोग पार पडला असता तर हे टळले असते, असे कोणी म्हणू नये. एका शहरातील चाचणीवरून तेवढे अनुमान निघत नाही. आपल्या भूमीवर त्या डासाला आवर घालता येतो काय, याचे उत्तर मिळण्याची एक संधी मात्र गेली.

दिल्लीच्या शाखेत अभ्यासलेल्या पद्धतींपैकी एकीत नर व मादी यांच्या पेशीद्रव्यांतील विसंगतीमुळे अंडी निष्फळ होत. या विसंगतीमागे वोल्बाकिया नावाचा जिवाणू असतो, हे १९७१ मध्ये कळले. जुलै २०२२ मध्ये वैद्यक संशोधन परिषदेच्या पुदुच्चेरी येथील वाहक नियंत्रण संशोधन केंद्राने, ऑस्ट्रेलियातील मोनॅश विद्यापीठाच्या साहाय्याने, हाच जिवाणू असलेले एडिस इजिप्ती डास तयार केल्याचे जाहीर केले. ते सोडण्यासाठी शासनाची अनुमती आवश्यक होती.