उशिरा ऐकू आलेलं संगीत

आपल्या दहावीच्या बॅचमधल्या एका मित्राने गोंधळातलं संबळ आणि कळंबच्या बसस्थानकावरचे आवाज संगणकावर एकत्र करून स्वतःच्या पैशाने अल्बम काढला. मला ऐकवला तेव्हा मी हसून म्हणालो, "अरे, हे ऐकणार कोण?" तो गप्प बसला.

पुढे मला चरणजित सिंग यांचा इतिहास कळला. मुंबईत हिंदी चित्रपटसंगीतात वाजवणाऱ्या या वादकाने १९८२ साली रोलँड कंपनीच्या सिंथेसायझर आणि रिदम मशीनवर भैरव, यमन, मालकंस असे दहा राग डिस्कोच्या ठेक्यात वाजवले. एचएमव्हीने तबकडी काढली, पण ती फारशी खपली नाही. त्यांनी वापरलेल्या टीबी-३०३ याच यंत्रावर १९८७ च्या सुमारास शिकागोत 'अ‍ॅसिड हाउस' संगीत गाजलं. मग २०१० साली नेदरलँड्समधून तबकडी पुन्हा निघाली आणि सत्तरी गाठलेल्या चरणजितजींना परदेशातून कार्यक्रमांची बोलावणी आली. २०१५ साली ते गेले.

त्यांच्यामागे निदान कंपनी होती, तरी २८ वर्षं गेली. आपल्या मित्रामागे फक्त आपणच आहोत. त्या हसण्याची माफी मी इथेच मागतो. मेळाव्यात त्याचा अल्बम सगळे मिळून शेवटपर्यंत ऐकू या.