चांद्याच्या वेशीवरची मोजणी

नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात, चांद्याच्या अरण्यप्रांताची वायव्य वेस म्हणावी अशा हिंगणघाट गावी, लेफ्टनंट कर्नल विल्यम लॅम्बटन हा जानेवारी 1823 मध्ये निधन पावला, तेव्हा मद्रासजवळ 1802 साली शंभर फुटी पोलादी साखळीने आधाररेषा मोजून त्याने आरंभलेली त्रिकोणमितीय मोजणी द्वीपकल्पाच्या टोकापासून निजामाच्या मुलखापर्यंत येऊन पोहोचली होती, आणि तिचे ठाणे हैदराबादेहून नागपुरास हलवण्याच्या वाटेवरच मृत्यूने त्याला गाठले. त्याची कबर हिंगणघाटातच आहे. हिमालयाच्या सर्वोच्च शिखराला मात्र नाव मिळाले त्याच्या मदतनिसाचे, एव्हरेस्टचे, ही वाटणी मला कधीच न्याय्य वाटलेली नाही.

जमाबंदीच्या मोजणीला बिघे आणि हद्दी पुरतात. लॅम्बटनला हवा होता खुद्द पृथ्वीचा आकार. त्यासाठी ताऱ्यांचे वेध घेताना खस्वस्तिक कोठे आहे ते ओळंबा सांगे, आणि ओळंब्याची दोरी तर जवळच्या डोंगराकडे, भूगर्भातील जड खडकाकडे किंचित ओढली जाते. चांद्याचा मुलूख या दृष्टीने विलक्षण होय: घुग्गुस-बल्लारपुराकडे कोळसा पोटात घेतलेले हलके वालुकाश्म, तर गडचिरोलीच्या सुरजागडास लोहखनिजाचे जड डोंगर. अरण्यही मोजणीदारांना सुखासुखी वाट देत नसे. पावसाने धुतलेल्या हवेत दूरचे निशाण स्वच्छ दिसे म्हणून ऐन पावसाळ्यात कामे निघत, आणि 1819 साली सिरोंच्याच्या दक्षिणेस, गोदावरी-कृष्णेमधील रानात, एव्हरेस्टचे जवळजवळ सारे पथक तापाने आडवे झाले.

पुढे उत्तरेत कल्याणपूर व कलियाना या ठाण्यांच्या अक्षांशांतील अंतर ताऱ्यांवरून एक आणि त्रिकोणांवरून दुसरे आले, दोहोंत 5.236 विकलांची तफावत निघाली. हिमालयाच्या ओढीने ती याच्या सुमारे तिप्पट यावयास हवी, असे 1855 साली आर्चडीकन प्रॅटने गणिताने दाखवले. पर्वताखाली हलक्या खडकाचे खोल मूळ असावे, हे खगोलज्ञ एअरीचे उत्तर त्यातूनच जन्मले. मग कॅप्टन बसेव्हीने 1865 पासून लंबक घेऊन ठाण्याठाण्यावर गुरुत्व मोजले, आणि 1871 साली लडाखच्या उंच पठारावर तोही कामावरच गेला.

त्या लंबकाचा वारसा आज अणूकडे आला आहे. निर्वात नळीत रुबिडियमचे अणू लेसरने कोंडून केल्विनच्या काही दशलक्षांशांपर्यंत थंड करतात, मग आधार काढून घेतात आणि पडत्या अणूंवर प्रकाशाचे तीन ठोके देतात. पहिल्याने प्रत्येक अणूचा द्रव्यतरंग दोन वाटांनी निघतो, दुसऱ्याने त्या वाटा एकमेकींकडे वळतात, तिसऱ्याने त्यांची भेट होते; त्या भेटीत उरणारे कलांतर गुरुत्वप्रवेगाच्या आणि ठोक्यांमधील काळाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. स्टॅनफर्ड येथे कॅसेविच व चू यांनी 1991 साली सोडियमच्या अणूंवर हे करून दाखवले. 2020 साली तेथेच रुबिडियमची दोन समस्थानिके एकाच वेगाने पडतात काय, ही गॅलिलिओची जुनी शंका लाख कोटी भागांतील काही भागांपर्यंत तपासली गेली. त्याच वर्षी असे यंत्र सिसिलीच्या एटना ज्वालामुखीवरही नेण्यात आले.

पुण्याच्या आयसर या विज्ञानसंस्थेत अतिशीत अणूंवर संशोधन चालते. तेथल्या विद्वानांनी असे एखादे यंत्र घुग्गुसच्या खाणपट्ट्यात, आष्टीवरून आलापल्लीच्या वनात आणि सुरजागडच्या पायथ्याशी न्यावे, व डोंगर खणून संपण्याआधी तेथील गुरुत्वाचा आकडा सरकारदप्तरी नोंदवून घ्यावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.