दोन शेपट्यांच्या खोकडाची कुळकथा

सॉनिकच्या मागे धावणारा टेल्स म्हणजे व्हिडिओ गेममधला सगळ्यात लळा लावणारा मदतनीस. नोव्हेंबर 1992 मध्ये सेगाच्या ‘सॉनिक द हेजहॉग 2’मधून तो आला. धाकट्या भावंडाच्या हाती दुसरा कंट्रोलर दिला की टेल्स त्याचा. नाही दिला तर तो आपणहून सॉनिकमागे पळतो आणि मागे पडला की दोन शेपट्या गरगर फिरवत उडत येतो. त्याची मदत अंगाशीही येते. पन्हळीच्या आकाराच्या स्पेशल स्टेजमध्ये सॉनिक बॉम्ब चुकवतो, टेल्स तेच क्षणभर उशिरा करतो, बॉम्बवर आदळतो आणि जमवलेल्या रिंगा उधळून लावतो.

त्याचा जन्मदाखला सरळ आहे. कंपनीतल्या अंतर्गत स्पर्धेत यासुशी यामागुची यांचं चित्र निवडलं गेलं. त्यांनी नाव ठेवलं माइल्स प्राउअर, म्हणजे ‘माइल्स पर अवर’वर कोटी. अमेरिकी कचेरीला ‘टेल्स’ हवं होतं. शेवटी ते टोपणनाव ठरलं आणि भांडण मिटलं.

शेपट्यांचं मूळ जपानी लोककथांमधल्या ‘कित्सुने’त, हे सर्वमान्य. वय वाढेल तशा या खोकडाच्या शेपट्या वाढतात, पार नऊपर्यंत. पण कथांमधलं हे खोकड बहुधा मायावी, रूप पालटून माणसाला भुलवणारं. मग कुणाला तरी पाठीवर घेऊन जाणारं खोकड जपानला मिळालं कुठून?

इथे वाट भारताच्या स्मशानात जाते. आपल्याकडची डाकिनी नरमांस खाणारी, कोल्ह्यांच्या संगतीत राहणारी. तांत्रिक बौद्ध ग्रंथांबरोबर ती चीनमार्गे जपानला पोचली. कोल्ह्यासाठी चिनी भाषांतरकारांनी वापरलेला शब्द जपानीत ‘याकान’ झाला. जपानात कोल्हा नाहीच. तेव्हा तिथल्या लोकांनी ‘याकान’ म्हणजे आपलं खोकडच असं धरलं. (हसू नये. इसापच्या खोकडाला आपणही कोल्हा करून त्याच्या तोंडी आंबट द्राक्षं घातलीच आहेत.) बघता बघता डाकिनी पांढऱ्या खोकडावर स्वार झालेली ‘दाकिनीतेन’ देवता झाली. मध्ययुगात सम्राटाच्या राज्यारोहणाच्या विधीतही तिला स्थान मिळालं. आइची प्रांतातल्या तोयोकावा इनारी या झेन मंदिरात आजही तिची पूजा होते.

याला प्रतिपक्ष आहे, आणि तो लेचापेचा नाही. या मंदिराच्या नावातली इनारी ही भाताची देवता. खोकड भातशेतातले उंदीर मारतं, म्हणून ते तिचं दूत झालं, भारताला मध्ये आणायचं कारण नाही, असं हा पक्ष म्हणतो. देवळाच्या दारात खोकड का बसतं, हे त्यातून पटतं. पण उंदीर मारणाऱ्याच्या पाठीवर देवी का बसली, याचं उत्तर शेतात सापडत नाही. ती बैठक डाकिनीचीच.

यामागुचींनी दाकिनीतेन समोर ठेवून टेल्स रेखाटला, असा दावा कुणी करू नये. तरी 1994 च्या ‘सॉनिक 3’मध्ये टेल्स खेळाडूच्या हुकमाने उडू लागला आणि सॉनिक त्याला लोंबकळून प्रवास करू लागला. डाकिनीच्या खोकडाकडेही वाहनाचंच काम होतं.