ठिणगीचा इतिहास आणि प्लगची साक्ष

मोटार सुरू होईनाशी झाली, की घरच्या घरी दुरुस्ती करू पाहणाऱ्याचा हात प्रथम प्लगकडे वळतो. प्लग काढावयास सोपा आणि किमतीने बेताचा. तो काळवंडलेला दिसला म्हणजे दोष सापडला असे वाटते. नवा बसविला की गाडी चालूही लागते. परंतु थोड्याच दिवसांत नवा प्लगही तसाच होतो. असे का व्हावे, याचे उत्तर या लहानशा वस्तूच्या इतिहासात सापडते.

एत्येन लन्वार या फ्रान्समध्ये स्थायिक झालेल्या संशोधकाने १८६० साली वायूवर चालणारे एंजिन सिद्ध केले आणि त्यातील मिश्रण विजेच्या ठिणगीने पेटविले. कल्पना उत्तम, पण त्या काळच्या विजेचा भरवसा नव्हता. पुढे गॉटलीब डायमलर याने ठिणगीऐवजी तापलेल्या नळीचा आश्रय केला. कार्ल बेंझ मात्र विजेलाच धरून राहिला. १८८८ च्या ऑगस्टमध्ये बेंझची पत्नी बेर्था हिने दोन मुलांसह मानहाइम ते फोर्त्सहाइम हा सुमारे शंभर किलोमीटरांचा प्रवास त्याच्या मोटारीने केला. वाटेत ठिणगीची तार उघडी पडली, तेव्हा मोज्याचा बंद गुंडाळून तिने ती झाकली, असे सांगतात. घरगुती दुरुस्तीचे हे पहिलेच प्रसिद्ध उदाहरण होय. आणि त्यात वीज कोठे निसटते हे आधी पाहिले गेले, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

१९०२ मध्ये श्टुटगार्ट येथील रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यात गॉटलोब होनोल्ड याने उच्च दाबाचा मॅग्नेटो आणि त्याच्या जोडीचा स्पार्क प्लग तयार केला. आता प्रश्न उरला तो प्लगमधील विद्युत्‌रोधकाचा. चिनी मातीला तडे जात. म्हणून विमानांच्या एंजिनांत अभ्रकाचे प्लग आले, आणि त्या काळी अभ्रकासाठी जग बिहारमधील, म्हणजे आजच्या झारखंडमधील, कोडरमा-हजारीबागच्या खाणींकडे पाहत असे. पुढे अभ्रकाची जागा भाजलेल्या ॲल्युमिनाने घेतली.

१९२३ पासून अमेरिकेत शिसेयुक्त पेट्रोल विकले जाऊ लागले. त्याने एंजिनातील ठोके थांबले, परंतु शिशाचे थर प्लगवर बसून ठिणगी वाटेतच निसटू लागली. उपाय सापडला तो इंधनात: ब्रोमीनची संयुगे मिसळून शिसे धुरावाटे बाहेर घालविण्यात आले. शिसे आरोग्यास घातक असल्याने भारतात ते पेट्रोल २००० साली बंद झाले. प्लगवर दिसणाऱ्या दोषाचे मूळ प्लगबाहेर असू शकते, हे या प्रकरणाने स्पष्ट केले.

अनुभवाने आणखी एक गोष्ट कळली. प्लगचे टोक सुमारे ५०० अंश सेल्सियसच्या वर तापले तरच त्यावरची काजळी जळून जाते. ८५० अंशांच्या पलीकडे गेले तर ते स्वतःच निखारा बनून ठिणगीपूर्वीच मिश्रण पेटविते. म्हणूनच प्रत्येक एंजिनासाठी ठरावीक उष्णतामानाचा प्लग नेमलेला असतो.

तेव्हा एंजिन थंड झाल्यावर, प्लगभोवतीची धूळ झटकून, सर्व प्लग काढावेत आणि सिलिंडरांच्या क्रमाने मांडावेत. फिकट तपकिरी रंग हे प्रकृती ठीक असल्याचे लक्षण. कोरडी काजळी बहुधा पेट्रोल जास्त जात असल्याचे सांगते. तेलकट काळेपणा झिजलेल्या रिंगांकडे किंवा व्हॉल्व्हच्या सीलांकडे बोट दाखवितो. पांढरा पडलेला, फोड आलेला प्लग अतिउष्णतेची खूण: मिश्रणात पेट्रोल कमी, ठिणगी वेळेआधी, किंवा प्लगच चुकीच्या जातीचा. सर्वच प्लग सारखे बिघडले असतील तर कारण समाईक समजावे. एकच निराळा असेल तर त्याच सिलिंडरचा शोध घ्यावा. रोधकाला तडा असेल तर मात्र पडल्याचा वा पाना तिरका लागल्याचा संशय आधी घ्यावा.

इलेक्ट्रोड वितळलेला दिसला तर नुसता प्लग बदलून गाडी रस्त्यावर काढू नये. ज्या उष्णतेने धातूचे टोक वितळले, ती पुढे पिस्टनला भोक पाडू शकते. जुना प्लग फेकून देण्यापूर्वी उजेडात धरून नीट पाहावा. त्यास लागणारी पाच मिनिटे एखादे एंजिन वाचवितात.