फुलपाखरावरचा उजेड

१८५१ साली विल्यम हेन्री फॉक्स टॅलबॉट यांनी फिरत्या चाकावर 'द टाइम्स'चे पान चिकटवले, अंधारात विजेची ठिणगी पाडली आणि त्या क्षणाचे छायाचित्र घेतले. अक्षरे वाचता आली. लखलखाटाने गोठवलेली पहिली वस्तू छापील मजकूर असावी, याचे आम्हां साहित्यवाल्यांना अंमळ अप्रूप वाटते.

ठाण्यात हा धागा घोडबंदर रस्त्यावरच्या ओवळेकर वाडीत सापडतो. राजेंद्र ओवळेकर यांनी तेथे फुलपाखरांना हव्या त्या वनस्पती लावून खुले उद्यान उभे केले. एकेकाळी फुलपाखरू अभ्यासायचे म्हणजे टाचणीने टोचायचे. आता ते जिवंतपणीच टिपता येते. मात्र जवळून टिपताना छिद्र बारीक ठेवावे लागते, उजेड अपुरा पडतो, आणि कॅमेऱ्यावरच्या फ्लॅशच्या वाटेत लेन्सच आडवी येते. निकॉनने २००५ साली लेन्सभोवती बसणारे छोटे बिनतारी फ्लॅश आणले. कॅमेरा त्यांना प्रकाशाच्याच स्पंदनांनी हुकूम देतो. (भर उन्हात ते कधीकधी ऐकत नाहीत, ही गोष्ट वेगळी.) एखादा सुटा काढून बाजूने तिरपा उजेड टाकला, की पंखांवरचे खवले कौलांसारखे उठून दिसतात.

तरी आमची एक तक्रार आहे. फ्लॅशचा उजेड मागच्या झाडीपर्यंत पोचत नाही. ती काळीठिक्कर पडते आणि भरदुपारचे नीलवंत मध्यरात्रीचे वाटते. २०१५ साली राज्य फुलपाखरू ठरलेला हा जीव पानाफांद्यांपासून असा तोडला, तर पुन्हा टाचणीच आली. शटर जरा सावकाश ठेवले, तर ओवळ्याची हिरवळही चित्रात उतरते.